सारखें कशाला म्हणावें?

(नभोवाणीवरील भाषण)



आपल्या घरीं खुंटीला एक पंचांग टांगलेलें आहे आणि शेजाऱ्यांच्या घरींही त्याच वर्षाचें, त्याच छापखान्यांतून निघालेलें पंचांग आहे, अशी कल्पना करा. हीं दोन पंचांगें एक कीं निराळीं, असें कोणीं विचारलें तर आपण काय उत्तर द्याल? एकादशी कोणत्या वारीं येते एवढेंच पाहावयाचें असेल तर तीं एकच आहेत. आपलें उघडलें काय आणि शेजाऱ्यांचें उघडलें काय, तिथि बदलत नाहीं. परंतु दुधाचा हिशेब ज्याच्या समासांत टिपून ठेवला आहे तेंच पंचांग हवें असेल, तर शेजाऱ्यांच्या पंचांगाचा कांहीं उपयोग नाहीं. वस्तु त्याच, पण प्रश्न दोन. आणि प्रश्न कोणता हें ठरल्यावांचून 'सारखें' किंवा 'निराळें' हें उत्तर देतांच येत नाहीं.

हा विवेक माणसाच्या इतका अंगवळणी पडलेला असतो कीं, आपण तो करीत आहों ह्याची त्याला जाणीवही नसते. संगणकाजवळ हा विवेक नाहीं. जो प्रश्न त्याला विचाराल त्याचेंच उत्तर तो देतो. विचारणाराच्या मनांत कोणता प्रश्न होता ह्याची तो चौकशी करीत नाहीं. संगणकाच्या प्रोग्रॅममध्यें दोन शब्दांची तुलना योग्य रीतीनें कशी करावी, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचा दिसतो खरा. परंतु शिष्यवृत्तीच्या यादींत मुलाचें नांव आहे कीं नाहीं, बँकेंतील खातें आणि ओळखपत्र एकाच माणसाचें आहे कीं नाहीं, ग्रंथालयांत अमुक पुस्तक आहे कीं नाहीं, हें आज पुष्कळ ठिकाणीं संगणक सांगतो, आणि तो तें शब्दांची तुलना करूनच सांगतो. त्याचा निकाल आपल्या घरापर्यंत येऊन पोंचतो; म्हणून तो कसा दिला जातो हें घरांतल्या माणसांनींही जाणून घेणें बरें.

प्रथम शब्द संगणकांत कोणत्या रूपानें राहतो तें पाहूं. संगणकाच्या स्मृतींत अक्षरें नसतात, आंकडे असतात. कोणत्या अक्षराला कोणता आंकडा द्यावा ह्याचें एक जगन्मान्य कोष्टक आहे; त्याला युनिकोड म्हणतात. त्याची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली. देवनागरीच्या मुख्य कोष्टकासाठीं त्यांत २३०४ पासून २४३१ पर्यंत १२८ जागा राखलेल्या आहेत. 'क' चा आंकडा २३२५, 'र' चा २३५२. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ह्यांनाही आपापले आंकडे आहेत, आणि अक्षराचा पाय मोडण्याच्या खुणेलाही २३८१ हा आंकडा दिलेला आहे. जोडाक्षराला मात्र स्वतंत्र आंकडा नाहीं. 'स्त्री' हें आपण एक अक्षर समजतों आणि एका दमांत उच्चारतों. संगणकाच्या लेखीं ती सहा आंकड्यांची रांग आहे: स, मोडलेला पाय, त, पुन्हां मोडलेला पाय, र, आणि शेवटीं दीर्घ वेलांटी. अशा रांगेला प्रोग्रॅम लिहिणारे 'स्ट्रिंग' म्हणतात. आपण तिला अक्षरमाला म्हणूं.

आतां तुलनेकडे वळूं. १९९५ सालीं सन मायक्रोसिस्टिम्स ह्या अमेरिकन कंपनीनें जावा नांवाची प्रोग्रॅमिंगची भाषा प्रसिद्ध केली. ह्या भाषेंत बरोबरीचीं दोन चिन्हें शेजारीं शेजारीं लिहिलीं म्हणजे तुलना होते. दोन संख्यांच्या मध्यें तीं लिहिलीं तर त्या संख्या समान आहेत कीं नाहींत हें कळतें. साहजिकच नवशिका मनुष्य तींच चिन्हें दोन अक्षरमालांच्या मध्येंही लिहितो. परंतु तेथें जावा निराळ्याच प्रश्नाचें उत्तर देते. हे दोन शब्द सारखे आहेत काय, असें ती पाहत नाहीं. हे दोन शब्द स्मृतींतील एकाच पेटींत ठेवलेले आहेत काय, असें पाहते. म्हणजे तिथि विचारावयाची होती आणि आपण 'हें तेंच पंचांग काय' असें विचारून बसलों. शब्दांतील मजकूर ताडून पाहावयाचा असेल तर त्या भाषेंत 'इक्वल्स' नांवाची वेगळी आज्ञा आहे.

ह्या दोषाचें वैशिष्ट्य असें कीं, तो परीक्षेंत सांपडत नाहीं. प्रोग्रॅम लिहितांनाच जे शब्द त्यांत अक्षरशः लिहून ठेवलेले असतात, त्यांची जावा एकेकच प्रत ठेवते; तोच शब्द दहा ठिकाणीं आला तरी पेटी एकच. त्यामुळें लिहिणाऱ्यानें आपल्या मेजावर स्वतःच लिहिलेले दोन शब्द ताडून पाहिले म्हणजे उत्तर बरोबर येतें आणि तो निश्चिंत होतो. पुढें प्रत्यक्ष कामांत तोच शब्द कीबोर्डवरून किंवा कागदपत्रांच्या साठ्यांतून येतो, त्याच्यासाठीं नवी पेटी तयार होते, आणि संगणक म्हणतो, 'नाहीं, सारखे नाहींत.' मेजावर खरें ठरलेलें लोकांपुढें खोटें ठरतें.

आणखी एक घोंटाळा असा कीं, तेंच चिन्ह भाषा बदलली म्हणजे दुसराच प्रश्न विचारतें. गिडो व्हान रॉसम ह्यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केलेल्या पायथन भाषेंत दोन बरोबर-चिन्हें मजकूर ताडतात, आणि पेटी एक आहे काय हें पाहण्यासाठीं 'इज' हा शब्द ठेवलेला आहे. म्हणजे जावाच्या अगदीं उलट. डेनिस रिची ह्यांनीं बेल प्रयोगशाळेंत घडविलेल्या सी भाषेंत मजकूर ताडण्याची जी आज्ञा आहे ती शब्द सारखे असले तर 'शून्य' असें उत्तर देते. आणि त्याच भाषेंत शून्य म्हणजे 'नाहीं'! ज्यानें नीट वाचलें नाहीं तो होकाराला नकार समजतो. रास्मुस लेर्डोर्फ ह्यांनीं १९९५ सालीं प्रसिद्ध केलेल्या पीएचपी भाषेंत तर दोन बरोबर-चिन्हें अधिकच उत्साही आहेत. दोन्ही अक्षरमाला संख्यांसारख्या दिसल्या तर तीं त्यांना शब्द न मानतां संख्या मानून ताडतात. शास्त्रीय लेखनांत एकाचा आंकडा, मग रोमन ई, मग पुन्हां एकाचा आंकडा लिहिला म्हणजे त्याचा अर्थ 'दहा' होतो. म्हणून 'दहा' हा आंकडा आणि 'एक-ई-एक' ही खूण ह्या पीएचपीच्या मतें सारख्याच. हिशेबाच्या कामीं हें सोयीचें असेल. पण जेथें परवलीचा शब्द ताडून माणसाला आंत घ्यावयाचें, तेथें असल्या औदार्यानें भलत्यालाच दार उघडावयाचें. त्याच भाषेंत तीन बरोबर-चिन्हें लिहिलीं म्हणजे हें औदार्य बंद पडतें.

समजा, पेटी आणि मजकूर ह्यांतला भेद आपण ओळखला आणि आंकड्याला आंकडा लावून तुलना केली. तरीही काम संपलें असें नाहीं. रोमन लिपींत लहान आणि मोठीं अशीं दोन तऱ्हेचीं अक्षरें आहेत, आणि माणूस त्यांत फरक मानीत नाहीं. मग दोन्ही शब्द लहान लिपींत आणून ताडावे, हा उपाय सहज सुचतो. ह्या उपायाची कसोटी तुर्कस्तानांत लागली. त्या देशानें १९२८ सालीं रोमन लिपि स्वीकारली तेव्हां 'आय' हीं दोन वेगळीं अक्षरें ठरविलीं. एक टिंब असलेलें आणि एक टिंब नसलेलें. टिंबाच्या लहान अक्षराचें मोठें रूपही टिंबाचेंच, आणि बिनटिंबाच्या मोठ्या अक्षराचें लहान रूप बिनटिंबाचें. आतां ज्या संगणकावर तुर्की भाषा निवडलेली आहे त्यावर जावाचा प्रोग्रॅम चालविला आणि मोठ्या अक्षरांत लिहिलेला 'टायटल' हा इंग्रजी शब्द लहान करावयास सांगितला, तर त्यांतील 'आय' बिनटिंबाचा होतो आणि इंग्रजी वळणाच्या 'टायटल'शीं जुळत नाहीं. येथें तुर्की नियमाचा दोष नाहीं. तुर्की शब्दाला तो अगदीं बरोबर आहे. दोष हा कीं, प्रोग्रॅमच्या आंतल्या खुणेच्या शब्दाला माणसांच्या भाषेचा नियम लावला. घरच्या कुलपाची किल्ली आणि शेजारणीशीं बोलावयाची भाषा ह्या दोन गोष्टी आहेत. प्रोग्रॅमच्या अंतर्गत खुणांसाठीं भाषानिरपेक्ष तुलना करावी आणि माणसांच्या शब्दांसाठीं त्या त्या भाषेची तुलना करावी, हा ह्यांतला बोध.

आतां आपल्या मराठीकडे येऊं, कारण ह्या विषयांतली खरी गंमत आणि खरी अडचण आपल्या घरांतच आहे.

'कऱ्हाडे' हें आडनांव घ्या. त्यांतला र साधा नव्हे. 'ह'च्या आधीं पापणीच्या आकाराची एक आडवी खूण काढून आपण तो लिहितों. संगणकांत हा र दोन मार्गांनीं लिहितां येतो. २३५३ ह्या जागीं ह्यासाठीं एक खास र ठेवलेला आहे, त्याचा पाय मोडून पुढें 'ह' लिहावा, हा एक मार्ग. साधा र घ्यावा, त्याचा पाय मोडावा, त्यापुढें ८२०५ ह्या आंकड्याचें एक अदृश्य जोडचिन्ह ठेवावें आणि मग 'ह' लिहावा, हा दुसरा. कागदावर दोहोंचें रूप एकच दिसतें. आंकड्यांची रांग मात्र निराळी.

समजा, कऱ्हाडे नांवाच्या एका विद्यार्थ्याचें नांव शाळेंत एका मार्गानें लिहिलें गेलें आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांत दुसऱ्या मार्गानें. संगणक दोन्ही रांगा आंकड्याला आंकडा लावून ताडतो आणि सांगतो कीं नांव जुळत नाहीं. कारकून पडद्यावर पाहतो, तर दोन्ही नांवें सारखीं. त्याला आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवावा कीं यंत्रावर हें समजत नाहीं, आणि अशा वेळीं बहुधा यंत्राचाच विजय होतो. मग त्या मुलाला सांगण्यांत येतें कीं, हीं दोन नांवें एकाच माणसाचीं आहेत असें प्रतिज्ञापत्र घेऊन ये. जीं नांवें दोन नव्हतींच तीं एक असल्याचा पुरावा त्यानें कोठून आणावा?

युनिकोडच्या कर्त्यांना ह्या अडचणीची कल्पना नव्हती असें नाहीं. एकच अक्षर दोन रीतींनीं लिहिलें जातें अशा पुष्कळ जोड्यांची त्यांनीं नोंद करून ठेवली आहे, आणि दोन्ही रूपें एका ठराविक रूपांत आणण्याची कृतीही सांगितली आहे. उदाहरणार्थ, २३५३ चा खास र, आणि साधा र व त्याखालीं नुक्ता, हीं दोन रूपें तिच्या दृष्टीनें एकच अक्षर होत. ती कृति केली कीं तीं एक होतात. जावाच्या २००६ सालच्या सहाव्या आवृत्तींत ह्या कामाचें साधन सर्वांना मिळालें. इतर प्रचलित भाषांतही तें आहे. तुलना करण्यापूर्वीं दोन्ही शब्द ह्या कृतींतून काढावे, हा नियम प्रत्येक प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानें पाळण्यासारखा आहे. परंतु अदृश्य जोडचिन्हाचा मार्ग त्या नोंदींत नाहीं. म्हणून एवढ्यानें कऱ्हाड्यांची सुटका होत नाहीं. तीच गत 'ॲ'ची. त्याला २४१८ हा स्वतंत्र आंकडा आहे. परंतु पुष्कळ लोक 'अ' लिहून त्यावर चंद्राची खूण देतात. डोळ्यांना अक्षर एकच. युनिकोडच्या कृतीला मात्र हीं दोन रूपें निराळींच वाटतात.

मग कोणी म्हणेल, अदृश्य चिन्हें काढूनच टाकावीं. जें दिसत नाहीं त्याचा उपयोग काय? इतर कित्येक भाषांत हा उपाय चालून जातो. मराठींत तो घात करतो. 'दर्या' म्हणजे समुद्र, आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. पहिल्या शब्दांत 'द'वर आघात येतो आणि र रफार होऊन वर चढतो. दुसऱ्यांत आघात नाहीं आणि र पापणीसारखा आडवा राहतो. दुसऱ्या मार्गानें लिहिलेल्या 'दऱ्या'मधून अदृश्य जोडचिन्ह काढलें कीं उरतो तो 'दर्या'. 'आचाऱ्यांना' जेवणाचें काम सांगावें आणि यंत्रानें तें 'आचार्यांना' कळवावें, असा हा प्रकार! तेव्हां येथें योग्य मार्ग चिन्ह काढण्याचा नव्हे. दुसऱ्या मार्गानें लिहिलेला र पहिल्या मार्गाच्या खास र मध्यें बदलून मग तुलना करण्याचा आहे. आणि हा बदल तुलनेपुरत्या केलेल्या नकलेवर करावा. माणसानें आपलें नांव जसें लिहून दिलें तसें मूळ नोंदींत राहूं द्यावें.

परक्या भाषेचा उपाय आपल्या भाषेला लावला म्हणजे काय होतें ह्याचें आणखी एक उदाहरण देतों. फ्रेंच किंवा स्पॅनिश शब्दांत अक्षरांवर निरनिराळ्या खुणा असतात. शोध घेणाऱ्यानें त्या खुणा दिल्या नाहींत तरी शब्द सांपडावा, म्हणून पुष्कळ प्रोग्रॅम तुलनेपूर्वीं अक्षरांना चिकटलेल्या खुणा पुसून टाकतात. ह्यासाठीं युनिकोडमध्यें अशा खुणांचा जो वर्ग आहे त्यांत आपल्या मात्रा, उकार, अनुस्वार आणि पाय मोडण्याची खूण हींही आहेत. फ्रेंचसाठीं लिहिलेला तो प्रोग्रॅम मराठीवर चालविला म्हणजे 'देव'ची मात्रा जाते, 'दैव'च्या दोन मात्रा जातात, आणि देव, दैव आणि पहाटेचें दव हे तिन्ही शब्द एकच होऊन बसतात. फ्रेंच माणसाला जी खूण उपेक्षणीय वाटते, तिच्या जागीं आपल्या लिपींत स्वर उभा आहे.

ह्यापलीकडे आणखी एक पायरी आहे, आणि तेथें कोणतीही ठराविक कृति पुरी पडत नाहीं. हें माझें भाषण जुन्या वळणाच्या अनुस्वारांसह छापलें जात आहे. १९६२ सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले, आणि त्यामुळें 'नाहीं' आणि 'नाही', 'कांहीं' आणि 'काही' अशीं एकाच शब्दाचीं दोन रूपें ग्रंथांतून नांदत आहेत. जुन्या मासिकांचीं पानें संगणकांत भरलीं आणि शोध घेणाऱ्यानें आजच्या वळणानें शब्द लिहिला, तर केवळ आंकडे ताडणाऱ्या यंत्राला त्या पानांतला एकही 'नाहीं' सांपडावयाचा नाहीं. पण म्हणून सगळेच अनुस्वार पुसावे काय? तसें केलें तर 'चिंता' आणि 'चिता' ह्यांत भेद उरत नाहीं. कोणता अनुस्वार बोलतो आणि कोणता नुसता बसलेला आहे हें मराठी जाणणारा मनुष्यच सांगूं शकेल, आणि त्यानें तें प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सांगितलें पाहिजे.

येथपर्यंत आपण जें सारखें असून यंत्राला निराळें वाटतें त्याची तक्रार केली. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. रशियन लिपींतील कांहीं अक्षरें रोमन अक्षरांसारखीं हुबेहूब दिसतात. २०१७ सालीं एका संशोधकानें केवळ रशियन वळणाच्या लिपींतील अक्षरें वापरून 'ॲपल' ह्या प्रसिद्ध कंपनीच्या नांवासारखा दिसणारा इंटरनेटवरील पत्ता नोंदवून दाखविला, आणि त्या वेळचे कांहीं ब्राउझर तो पत्ता खऱ्यासारखाच दाखवीत होते. येथें डोळे म्हणतात 'सारखें', आणि यंत्राचा 'निराळें' हा निकाल बरोबर आहे. ह्यावरून स्पष्ट होतें कीं, दिसण्यांतलें साम्य हें सारखेपणाचें अंतिम प्रमाण नव्हे. 'कऱ्हाडे'चीं दोन रूपें एक मानावीं, कारण लिहिणाऱ्याचा शब्द एकच होता. रशियन अक्षरांचा पत्ता निराळा मानावा, कारण तो निराळ्या माणसाचा आहे.

तुलनेचा आणखी एक प्रकार म्हणजे क्रम लावणें. आधीं कोण आणि नंतर कोण, हाही दोन शब्दांमधला निवाडाच होय. केवळ आंकड्यांप्रमाणें क्रम लावला तर 'ळ' हा 'ल'च्या लगेच नंतर येतो, कारण 'ल' २३५४ आणि 'ळ' २३५५. आपली वर्णमाला 'ळ'ला 'ह'च्या पुढें बसविते. 'ॲ'ची जागा तर 'ह'च्याही पलीकडे, २४१८ वर. त्यामुळें आंकड्यांच्या क्रमानें लावलेल्या नांवांच्या यादींत 'अनंत' आरंभीं येतो आणि 'ॲडव्होकेट' हणमंतरावांच्याही मागें जाऊन उभा राहतो. त्याचें नांव यादींत असतें, पण शोधणारा 'अ'च्या पानावर पाहून 'नाहीं' म्हणून परत जातो. म्हणून भाषावार क्रमाचे नियम युनिकोड संस्थेनें वेगळे संकलित केले आहेत, आणि बहुतेक प्रोग्रॅमिंगच्या भाषांतून ते वापरतां येतात. ते वापरावयाचे कीं नाहीं हें मात्र माणसानें ठरवावयाचें.

आतां ह्या सर्वांचा मथितार्थ थोडक्यांत सांगतों. तुलना लिहिण्यापूर्वीं प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानें स्वतःला विचारावें: मला एकच वस्तु हवी आहे, कीं सारखा मजकूर? मजकूर हवा असेल तर तो आंकड्याला आंकडा जुळणारा हवा, कीं एकाच अक्षराचीं निरनिराळीं रूपें मला एक मानावयाचीं आहेत? हा शब्द प्रोग्रॅमच्या आंतला आहे, कीं माणसाच्या भाषेंतला? भाषेंतला असेल तर कोणत्या भाषेंतला? आणि शेवटीं, माझा निकाल चुकला तर भार कोणावर पडेल? परवलीचा शब्द ताडतांना तुलना कडक हवी, कारण ढिलाईचा लाभ चोराला होतो. माणसाचें नांव शोधतांना ती समजूतदार हवी, कारण कडकपणाचा त्रास निरपराध्याला होतो. आणि तेथें यंत्रानें 'नाहीं' म्हणून दार लावण्यापेक्षां 'हीं दोन नांवें एकच असावींत असें दिसतें, माणसानें पाहावें' असें म्हणणें अधिक शहाणपणाचें आहे.

हा शेवटचा मुद्दा सुशिक्षित गृहस्थांनीं आणि गृहिणींनीं विशेष ध्यानांत ठेवावा. कचेरींत कोणीं 'संगणक नांव घेत नाहीं' असें सांगितलें, म्हणजे आपण खालीं मान घालून परततों, जणूं आपल्या नांवांतच कांहीं खोट आहे. वास्तविक संगणकाजवळ आपल्या नांवाविषयीं कसलेंही मत नाहीं. कोणी एका माणसानें कोठें तरी त्याला एक प्रश्न लिहून दिला, आणि तो प्रश्न अपुरा होता, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळीं शांतपणें विचारावें कीं, दोन्ही नोंदींतील अक्षरें आंत कोणत्या आंकड्यांनीं लिहिलेलीं आहेत तें कोणी पाहिलें आहे काय? जें माणसानें अपुरें विचारलें तें माणसालाच पुरें करतां येतें. त्यासाठीं कऱ्हाड्यांच्या मुलानें प्रतिज्ञापत्र घेऊन हेलपाटे घालण्याचें कारण नाहीं.